शेतावरील पिकअप गाडीस घरची रक्षक कमान

बैलगाडीचें बहुतेक काम आतां ज्या वाहनानें उचललें आहे, तें म्हणजे लहान मालवाहू मोटार. तिला सर्वत्र पिकअप असेंच म्हणतात. लासलगांवच्या बाजारास कांदा, नारायणगांवास टोमॅटो, गांवच्या डेअरीस दूध, आणि परत येतांना खताचीं पोतीं, पाईप, पत्रे व कडबा, असा तिचा वर्षभर राबता असतो. ही गाडी चांगल्या रस्त्यावर जितकी उपयोगी, तितकीच ती घाटाच्या वळणावर, कालव्याच्या भरावावर व पावसानें मऊ झालेल्या साइडपट्टीवर धोक्याची ठरते. कारण तिचा हौदा उंच, माल त्याहून उंच, आणि चाकांमधील अंतर मात्र बेताचें असतें.

अलीकडे कित्येक शेतकरी या गाड्यांस केबिनच्या मागें, हौद्यांत, लोखंडी नळीची कमान बसवून घेतात. तिला रोल बार म्हणतात. तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगच्या दुकानांत ती दोन दिवसांत तयार होते. परंतु यांपैकीं बऱ्याच कमानी केवळ शोभेच्या असतात. दिसावयास त्या भक्कम. पण पातळ नळीच्या, पत्र्याला चार स्क्रूंनीं जोडलेल्या आणि खालीं आधार नसलेल्या. गाडी उलटली तर अशी कमान ओल्या वेळूसारखी वांकते, आणि मालकास मात्र आपण सुरक्षित आहों असा विश्वास वाटत राहतो. खोटा विश्वास हा कमान नसण्याहूनहि वाईट होय. यास्तव खरी कमान कशी असावी, गांवच्या कारागिराकडून ती कोठपर्यंत करवून घेतां येईल, आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

गाडी उलटते कां

उपाय करण्यापूर्वीं रोगाचें कारण पाहिलें पाहिजे. प्रत्येक गाडीचा व तिच्यावरील मालाचा मिळून एक भारमध्य असतो. हा भारमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डाव्या व उजव्या चाकांमध्यें अंतर किती आहे, या दोन मापांवर गाडीचें स्थैर्य अवलंबून असतें. चाकांमधील अंतराच्या निमपटीस भारमध्याच्या उंचीनें भागिलें असतां जो आंकडा येतो, त्यास आपण स्थैर्यांक म्हणूं. तो जितका मोठा तितकी गाडी स्थिर.

उदाहरणार्थ, चाकांमधील अंतर १.४ मीटर आणि रिकाम्या गाडीच्या भारमध्याची उंची ०.७ मीटर धरली, तर निमपट ०.७ भागिलें ०.७ म्हणजे स्थैर्यांक १ येतो. अशी गाडी एका बाजूस ४५ अंश कलेपर्यंत उलटणार नाहीं. आतां तिच्यांत कांद्याचीं पोतीं उंच रचलीं आणि भारमध्य १.१ मीटरवर गेला, तर स्थैर्यांक ०.६४ इतकाच राहतो व ती सुमारें ३२ अंशांवरच उलटते. हा हिशोब ताठ गाडीचा झाला. प्रत्यक्षांत पाटे दबतात, टायर चेपतात आणि माल कलत्या बाजूस सरकतो. म्हणून खरी मर्यादा याहूनहि कमी असते.

वळणावर हाच आंकडा दुसऱ्या रीतीनें बोलतो. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर स्थैर्यांक १ असलेली गाडी हिशोबानें ताशीं ५० किलोमीटर वेगास उलटण्याच्या बेतास येते, स्थैर्यांक ०.६४ असलेली ताशीं ४० किलोमीटरांसच येते. यांत एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारणतः ०.७ ते ०.८ असते. म्हणून रिकामी गाडी फार वेगानें वळविल्यास उलटण्यापूर्वीं घसरूं लागते, आणि त्या घसरण्यानें चालकास इशारा मिळतो. उंच भरलेल्या गाडीचा स्थैर्यांक पकडीहून कमी असल्यामुळें ती न घसरतां एकदम उलटते. ज्या चालकास रिकाम्या गाडीचा हात बसला आहे, तो भरलेल्या गाडींत येथेंच फसतो.

पाण्याची किंवा दुधाची अर्धवट भरलेली टाकी याहून वाईट. कारण आंतील द्रव वळणावर बाहेरच्या बाजूस धांवतो आणि भारमध्य आपल्या सोबत नेतो. टाकी एक तर पूर्ण भरावी, नाहीं तर रिकामी न्यावी, किंवा आंत आडवे पडदे असलेली घ्यावी.

यावरून पहिला धडा असा कीं, गाडी उलटूं नये यासाठीं उपाय मालाच्या रचनेंत व चालकाच्या पायांत आहे, कमानींत नाहीं. जड माल तळाशीं व मध्यावर, हलका वर. रचना दोरांनीं घट्ट बांधलेली. आणि वळणापूर्वींच वेग कमी. एवढें करूनहि जो प्रसंग टळत नाहीं त्यासाठीं कमान होय.

कमानीचें काम काय

गाडी उलटून छतावर आली म्हणजे तिचा भार केबिनच्या खांबांवर येतो. ते दबले तर चालकास बसावयास जी जागा लागते तीच नाहींशी होते. कमानीचें मुख्य काम ती जागा राखणें हें आहे. यासाठीं कमान केबिनच्या छताहून थोडी उंच असली पाहिजे. छताच्या बरोबरीची किंवा त्याहून ठेंगणी कमान उलटल्यावर जमिनीस टेंकण्यापूर्वीं छत टेंकते व दबतें. कमानीच्या माथ्यापासून बॉनेटच्या पुढील टोंकापर्यंत एक सुतळी ताणून पाहावी. चालकाचें डोकें त्या सुतळीच्या बरेंच खालीं असलें पाहिजे. तथापि हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, मागच्या कमानीनें पुढील कांचेचे खांब बळकट होत नाहींत. गाडी पुढच्या कोपऱ्यावर आपटली तर कमानीचा उपयोग थोडाच होतो.

दुसरें काम असें कीं, जोराचा ब्रेक लागला असतां हौद्यांतील पाईप, बांबू किंवा लोखंडी सळया पुढें धांवून केबिनची मागची कांच फोडतात, त्यांस अडविणें. कमानींत भक्कम जाळी बसविली म्हणजे हें काम नीट होतें; आणि रोजच्या व्यवहारांत याचाच उपयोग अधिक वेळां पडतो.

तिसरी गोष्ट कमान करूं शकत नाहीं ती अशी. सीटबेल्ट न लावलेल्या माणसास ती वांचवीत नाहीं. गाडी उलटतांना असा मनुष्य आसनावरून उडतो, दारांतून अर्धा बाहेर पडतो, आणि मग तीच गाडी त्याच्यावर येते. कमान जागा राखते; त्या जागेंत माणसास राखण्याचें काम बेल्टचें आहे. बेल्टावांचून कमान निरुपयोगी.

ट्रॅक्टरच्या अनुभवापासून शिकावयाचें तें

उलटण्यापासून माणसाचें रक्षण करणाऱ्या चौकटीचा सर्वांत मोठा प्रयोग ट्रॅक्टरवर झालेला आहे. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांस अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढील दशकांत जुन्या ट्रॅक्टरांच्या जागीं नवे येत गेले तसतसे तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु अगदीं थोडे राहिले. अमेरिकेंत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर तयार झालेल्या व पगारी नोकर चालवीत असलेल्या २० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांस कायद्यानें ती आवश्यक झाली; आणि १९८५ पासून तेथील कारखानदारांनीं आपण होऊन बहुतेक सर्व नव्या ट्रॅक्टरांवर ती देण्यास आरंभ केला.

मोटारीच्या छतासंबंधींहि त्या देशांत नियम आहे. १९७३ पासून प्रवासी मोटारीच्या छतानें गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार सोसला पाहिजे असें ठरलें, आणि २००९ सालच्या सुधारणेनें हलक्या वाहनांसाठीं हें प्रमाण तिप्पट झालें. १५०० किलोग्रॅमच्या गाडीस हा भार दीडपटीनें २२५० व तिपटीनें ४५०० किलोग्रॅम होतो. कमानीवर केवढ्या ओझ्याचा प्रश्न आहे याची कल्पना या आंकड्यांवरून यावी.

परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तेथें प्रत्येक नमुन्याची चौकट किंवा छत प्रयोगशाळेंत दाबून, वांकवून तपासतात. गांवच्या दुकानांतील कमान कोणी दाबून पाहिलेली नसते, आणि पाहतांहि येत नाहीं. कारण जी एकदां दाबून पाहिली ती वापरण्यायोग्य राहत नाहीं. म्हणून घरची कमान कितीहि निष्ठेनें केली तरी ती परीक्षित कमानीची बरोबरी करीत नाहीं. आपल्या गाडीच्या कारखान्याकडून किंवा मान्य उत्पादकाकडून तयार कमान मिळत असेल तर तीच घ्यावी. मिळत नसेल तरच पुढील मार्ग.

नळी कोणती घ्यावी

मोटारींच्या शर्यतींचे नियम ठरविणाऱ्या एफ. आय. ए. या आंतरराष्ट्रीय संघाचीं मापें सर्वत्र प्रमाण मानतात. मुख्य कमानीस बाहेरून ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची, थंड ओढकामानें तयार केलेली सीमलेस पोलादी नळी त्यांत सांगितली आहे. आणि तिची ताणशक्ति दर चौरस मिलिमीटरास निदान ३५० न्यूटन असावी लागते. हीं मापें शर्यतीच्या हलक्या मोटारीचीं आहेत. माल वाहणाऱ्या गाडीस तीं किमान समजावीं. त्याहून कमी कदापि घेऊं नये.

येथें पुष्कळ शेतकरी विचारतील कीं, घरीं पडून असलेला पाण्याचा दीड इंची पाईप कां वापरूं नये? त्याची जाडी तर ३ मिलिमीटरांच्या आसपास असते. याचें उत्तर असें. तो पाईप मुख्यतः पाणी वाहण्यासाठीं केलेला असतो, मोटारीचा भार झेलण्यासाठीं नव्हे. त्याच्या अंगावर उभा सांधा असतो आणि वांकवितांना तो सांधा बाहेरच्या अंगास आला तर फुटण्याची भीति असते. शिवाय जीआय पाईपावरील जस्ताचा लेप वेल्डिंगच्या आंचेनें जळून त्याचा पांढरा धूर निघतो. त्या धुरानें कारागिरास थंडी वाजून ताप भरतो, आणि सांधाहि सच्छिद्र होतो. जाडी अधिक असल्यामुळें वजन वाढतें तें वेगळेंच.

भारतीय मानकांत पाण्याच्या नळीचें मानक १२३९ क्रमांकाचें, बांधकामाच्या नळीचें ११६१ क्रमांकाचें व मोटारींतील नळीचें ३०७४ क्रमांकाचें आहे. दुकानदाराकडे शेवटच्या दोहोंपैकीं एकाची नळी मागावी व कारखान्याचा दाखला पाहावा. दाखला नसेल तर निदान नळीचें टोंक सरळ कापून चार ठिकाणीं व्हर्नियरनें जाडी मोजावी. ज्या नळीची जाडी एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक भरते ती परत करावी.

आकार व वांक

कमानीचे अवयव तीन: आडवी रुंदी व दोन पाय मिळून होणारी मुख्य कमान, तिला मागून आधार देणारे दोन तिरपे टेंकू, आणि कमानीच्या आंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारा एक कर्ण. केवळ मुख्य कमान बसवून टेंकू वगळणें ही सर्वांत नित्याची चूक आहे. टेंकूवांचून कमान म्हणजे विटीदांडूची दांडी उभी ठेवल्यासारखी. पुढून किंवा मागून थोडा रेटा बसतांच ती आडवी होते. कर्ण नसेल तर बाजूच्या रेट्यानें चौकोन कलतो. एका दारावर आडव्या फळ्या ठोकून दुसऱ्यावर एक तिरपी फळी ठोकली असतां कोणतें दार लोंबत नाहीं हें प्रत्येक सुतारास ठाऊक आहे. येथेंहि न्याय तोच.

मुख्य कमान एकाच अखंड नळीची असावी. तुकडे जोडून केलेल्या कोपऱ्यावर विश्वास ठेवूं नये. वांक हायड्रॉलिक यंत्रावर थंडच द्यावा आणि त्याची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी, म्हणजे ४५ मिलिमीटर नळीस निदान १३५ मिलिमीटर. नळींत वाळू भरून ती तापवून वांकविण्याची जुनी रीत येथें चालावयाची नाहीं. कारण त्यांत बाहेरील अंग पातळ होतें व पोलादाचा गुण बदलतो. वांकलेल्या जागीं नळी चपटी झाली आहे काय तें मोजावें. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला तर तो तुकडा टाकून द्यावा. सुरकुती पडली असेल तर मोजण्याचीहि गरज नाहीं.

मागचे टेंकू सरळ असावे, कमानीच्या माथ्याजवळ वांकापाशीं जोडावे, आणि उभ्या रेषेशीं निदान ३० अंशांचा कोन करून मागें उतरावे. कमान हौद्याच्या तळापासून १.१ मीटर उंच असेल तर टेंकूचा पाय तिच्या पायापासून निदान ६४ सेंटिमीटर मागें येईल. यापुढें हौद्याची मालाची जागा थोडी कमी होते, ही अडचण खरी आहे. परंतु ती सोसावयाची तयारी नसेल तर कमान न केलेलीच बरी.

सांधे

टेंकूचें व कर्णाचें टोंक कमानीच्या गोलाईस बसेल असें अर्धचंद्राकार कापावें, म्हणजे दोन नळ्यांमध्यें फट राहत नाहीं. मोठी फट वेल्डनें भरून काढलेला सांधा बाहेरून चांगला दिसतो, पण आंत पोकळ असतो. नळीच्या सर्व घेरावर अखंड वेल्ड घ्यावा. चार ठिकाणीं टांके देऊन भागवूं नये. दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या नळीस सीओटू वेल्डिंग सोयीचें पडतें. कांडीनें करावयाचें असेल तर कांड्या कोरड्या असाव्या; पावसाळ्यांत उघड्या राहिलेल्या कांडीचा सांधा ठिसूळ होतो.

कारागिराची परीक्षा अशी करावी कीं, त्याच नळीचे दोन तुकडे त्याच कोनांत त्याच्याकडून आधीं जोडून घ्यावे आणि ते पकडींत धरून घणानें वांकवावे. सांध्याच्या शेजारची नळी वांकली आणि सांधा शाबूत राहिला तर कारागीर पसंत करावा. सांधाच निखळला तर दुसरा शोधावा. या परीक्षेंत वीतभर नळी जाते. ती वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

सांधे घांसून गुळगुळीत करण्याचा हट्ट धरूं नये. घांसण्यानें सांध्याची जाडीच कमी होते.

पाय

कमान कितीहि भक्कम असली तरी तिचा भार शेवटीं पायांतून गाडींत उतरतो. हौद्याचा तळ पातळ पत्र्याचा असतो. त्यावर नळी नुसती टेंकविली तर उलटतांना ती पत्रा भेदून खालीं जाते. म्हणून प्रत्येक पायास निदान ३ मिलिमीटर जाडीची व १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, म्हणजे साधारण १० बाय १२ सेंटिमीटर मापाची, पोलादी पट्टी असावी आणि तशीच दुसरी पट्टी पत्र्याच्या खालून द्यावी. शर्यतीच्या नियमांत मुख्य कमानीच्या पायास ८.८ प्रतीचे ८ मिलिमीटरचे निदान तीन बोल्ट सांगितले आहेत. माल वाहणाऱ्या गाडीस १२ मिलिमीटरचे चार घ्यावे असा आमचा सल्ला आहे. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ हा आंकडा कोरलेला असतो. तो नसलेला बोल्ट येथें वापरूं नये.

शक्य असेल तेथें पाय हौद्याखालील आडव्या तुळईवर, चासीच्या अगदीं जवळ घ्यावे. तुळई पोकळ असेल तर बोल्ट आवळतांना ती चेपते; यासाठीं बोल्टाभोंवतीं तिच्या आंत जाड नळीचा तुकडा घालावा. कमानीचा भार चासीपर्यंत नेण्यासाठीं खालून कंस जोडतांना पुढील नियम कटाक्षानें पाळावे. चासीस वेल्ड करूं नये, ती तापवूं नये, आणि तिच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांस भोंक पाडूं नये. कंस जोडावयाचा तो चासीच्या उभ्या अंगास, कारखान्यानें ठेवलेल्या भोंकांतून. यू-बोल्ट वापरल्यास चासीच्या पोटांत पोलादी ठोकळा द्यावा. नाहीं तर आवळतांना तिच्या कडा आंत वळतात.

बसविणें

सर्व वेल्डिंग गाडीबाहेर जमिनीवर पुरें करावें आणि गाडीवर केवळ बोल्टांनीं कमान बसवावी. गाडीवरच वेल्ड करणें अपरिहार्य झालें तर बॅटरीचीं दोन्ही टोंकें आधीं सोडावीं; कारण आतांच्या गाड्यांतील विजेचीं यंत्रें वेल्डिंगच्या प्रवाहानें जळतात. भोंक पाडण्यापूर्वीं खालीं वांकून तेलाची टाकी, ब्रेकची नळी व तारा कोठून गेल्या आहेत हें स्वतः पाहावें; आणि ड्रिलवर आडकाठी लावावी, म्हणजे तें एकदम खोल जाणार नाहीं.

केबिन व हौदा हे दोन स्वतंत्र भाग आहेत. खडबडीत रस्त्यावर ते एकमेकांपासून निराळे हलतात. यास्तव कमान हौद्यास व चासीस जोडावी, केबिनीस कधींहि जोडूं नये. कमान व केबिन यांमध्यें चार-पांच सेंटिमीटर फट असावी. नाहीं तर कांहीं महिन्यांत छताचा पत्रा घांसून फाटतो.

१२ मिलिमीटरचा बोल्ट सुमारें ८ किलोग्रॅम-मीटर जोरानें आवळावा, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्यास टोंकाशीं १६ किलोग्रॅमचा जोर. स्वतः घट्ट बसणारे नट वापरावे. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा आवळून पाहावे आणि त्यापुढें दर महिन्यास. रंग लावण्यापूर्वीं गंज व पापुद्रे खरडून जस्तयुक्त प्रायमर द्यावा, आणि नळीचीं उघडीं टोंकें वेल्डनें बंद करावीं. कोकणच्या खाऱ्या हवेंत नळी बाहेरून चकचकीत व आंतून गंजलेली, असा प्रकार याच एका दुर्लक्षानें होतो.

वजनाचा हिशोब

दीड मीटर रुंद व १.१ मीटर उंच कमानीस ३.७ मीटर, दोन टेंकूंस २.५ मीटर व कर्णास १.९ मीटर, मिळून सुमारें ८.१ मीटर नळी लागते. ४५ बाय २.५ मिलिमीटर नळीचें वजन दर मीटरास २.६ किलोग्रॅम पडतें. तेव्हां नळी २१ किलोग्रॅम आणि पट्ट्या व बोल्ट धरून सुमारें २५ किलोग्रॅम झाली. १५०० किलोग्रॅमच्या गाडीवर हें ओझें १.६ मीटर उंचीवर आलें, तर भारमध्य केवळ दीड सेंटिमीटर वर जातो. ही किंमत फार नाहीं. परंतु कमान उभी राहिली कीं तिला जादा चाक, मोठे दिवे, दोरांची गुंडाळी व पाण्याचे डबे लटकूं लागतात, आणि पाहतां पाहतां दीड सेंटिमीटरचे दहा होतात. कमान खुंटी नव्हे, हें घरांतील सर्वांस बजावून ठेवावें.

कायदा व विमा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रकांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडक लाविला आहे. आणि डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें गाडीच्या पुढें बसविल्या जाणाऱ्या लोखंडी रक्षक दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविलें होतें. म्हणून कमान करण्यापूर्वीं तिचा साधा आराखडा व अंदाजी वजन घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयास लेखी विचारावें आणि उत्तर लेखी घ्यावें. विमा कंपनीसहि लेखी कळवावें. अपघातानंतर कमानीचें कारण पुढें करून दावा नाकारला गेला, तर वांचलेला जीव कर्जांत बुडतो. परवानगी मिळाली नाहीं तर कमानीचा विचार सोडून माल कमी भरणें हाच मार्ग उरतो, आणि तो मार्ग वाईट नाहीं.

हौद्यांतील माणसें

आतां शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कापूस वेंचणीस, कांदा लावणीस व ऊस तोडणीस मजूर पिकअपच्या हौद्यांत उभे करून नेण्याची चाल सर्वत्र पडली आहे. कमान बसली कीं तिला धरून उभें राहतां येतें, म्हणून दहांच्या जागीं पंधरा माणसें चढतात. ही कमान त्यांच्यासाठीं नाहीं. ती केबिनच्या मागची जागा राखते. हौद्यांतल्या माणसास बेल्ट नाहीं, आसन नाहीं, वर छत नाहीं. गाडी कलतांच तीं माणसें प्रथम बाहेर फेंकलीं जातात आणि मग त्यांच्यावर गाडी व तीच लोखंडी कमान येते. शिवाय उभ्या माणसांचा भारमध्य कोणत्याहि मालाहून उंच असतो. पंधरा माणसें म्हणजे आठ-नऊशें किलोग्रॅम वजन, आणि वळणावर सर्वांचा झोंक एकाच बाजूस. मागें सांगितलेला स्थैर्यांक यानें किती उतरत असेल याचा हिशोब वाचकांनींच करून पाहावा.

मालाच्या गाडींत माणसें भरणें कायद्यास मान्य नाहीं, आणि अशा अपघातांत नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या शेतावर येऊं शकतो. पण कायदा बाजूस ठेवला तरी, जी बाई आपल्या शेतांत राबावयास येते तिला सुखरूप घरीं पोंचविणें हें मालकाचें कर्तव्य आहे. चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून मजुरांच्या ने-आणीसाठीं प्रवासी परवान्याची गाडी ठरविली, तर प्रत्येकाच्या वांट्यास येणारा खर्च फार नसतो.

सारांश, कमान करावयाची तर नळी दाखल्याची, वांक थंड, सांधा अखंड, टेंकू व कर्ण दोन्ही, पाय चासीपर्यंत पोंचलेले आणि परवानगी कागदावर असावी. यांपैकीं एकहि गोष्ट जमत नसेल तर तो पैसा नव्या टायरांवर, ब्रेकवर व चांगल्या दोरांवर खर्च करावा. आणि कमान असो वा नसो, बेल्ट रोज लावावा, माल खालीं रचावा व हौद्यांत माणूस चढूं देऊं नये. या तीन गोष्टींस वेल्डिंगचें दुकान लागत नाहीं.